तांबेऱ्याचं बरं चाललंय

आमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी आणि आमची संशोधनातली बलस्थानं’ अशा लांबलचक नावाचं एक पान आहे. ते मी लिहिते. वाचतं कोण, ते मला विचारू नका. परदेशातले आईबाप पोराला इकडे धाडण्याआधी वाचत असावेत, आणि आमचा कुलगुरू ब्रेंडन वाचतो, कारण त्याचा फोटो सगळ्यात वर आहे.

हे पान लिहायचं म्हणजे ‘जागतिक दर्जाचं’ हे दोन शब्द शक्य तितक्या ठिकाणी पेरायचे. प्रवाळाचं संशोधन जागतिक दर्जाचं, कानाच्या यंत्रांचं जागतिक दर्जाचं, खाणींचं, ताऱ्यांचं, सगळंच. त्याखाली माजी विद्यार्थी. एक पंतप्रधान, एक हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा, एक बाई जिने दुर्बिणींच्या काचा घासण्यात जन्म घालवला, आणि एक ऑलिंपिकची पोहणारी. या पोरीने आमच्याकडे कायद्याचं अर्धं वर्ष काढलं, मग ती तलावाकडे गेली ती परत आलीच नाही. फोटो मात्र तिचाच मोठा. मी कितीही कुरकुर केली तरी या जागेवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. जीव नसता तर एवढा रागही आला नसता.

गेल्या वर्षी ब्रेंडनच्या डोक्यात आलं की बलस्थानं फार झाली.

“लिनेट, सगळंच बलस्थान असेल तर मग बल कशात आहे?” तो म्हणाला. तसा तो मूर्ख नाही. वॉरॅकनाबील गावच्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण कुलगुरू झाल्यापासून माझ्या पानासारखंच बोलायला लागला होता.

ठरलं असं की बलस्थानं पाचच ठेवायची. निवड करायला बाहेरून समिती येणार. ती निवडेल त्यांना जागा, माणसं, इमारती. उरलेल्यांनी आवरतं घ्यायचं. प्रवाळ, कान, खाणी आणि तारे यांना मरण नव्हतं. पाचव्या जागेसाठी मात्र दोघं होते. एक, भविष्य-उपाय केंद्र. ते नक्की काय करतं हे त्यांच्याविषयी इतकं लिहूनही मला कळलेलं नाही. दुसरं, नोला ट्रेथवीचं तांबेऱ्याचं काचघर. आणि गंमत म्हणजे भविष्यवाल्यांची नवी इमारत बरोबर त्या काचघराच्या जागेवरच उभी राहायची होती.

तांबेरा म्हणजे गव्हावरचा रोग. पानावर तांबडी भुकटी धरते, बोट फिरवलं की गंजासारखी लागते. हा एका जागी गप्प बसणारा रोग नव्हे. त्याला न जुमानणारं गव्हाचं नवं वाण काढावं, तर काही वर्षांत हा सोंग बदलून त्याच वाणावर चढतो. म्हणून शेतात डाग दिसला की देशभरातले शेतकरी पान तोडून नोलाकडे पाठवतात. कागदी पाकिटातून, कारण प्लॅस्टिकमध्ये पान कुजतं. नोला ती भुकटी कोवळ्या रोपांवर फुंकते आणि पंधरवड्यात सांगते की हा जुनाच पाहुणा आहे की नवा. नवा असला तर पेरणीआधी साऱ्या गव्हाच्या मुलखात सांगावा जातो. काचघरामागच्या थंड टाक्यांत तिच्या गुरूच्या गुरूपासून जमवलेले तांबेऱ्याचे नमुने झोपलेले आहेत. ते जागे करायचे तर गव्हाची जिवंत रोपं लागतात, आणि रोपांना काचघर. काचघर पाडलं की टाक्यांना काही अर्थ नाही. सगळं जाणार होतं, आणि त्याबरोबर नोलाचं आयुष्यही. तिला घर आहे, पण तिथे ती फक्त झोपायला जाते.

समिती यायच्या आधी मी तिला तयार करायला गेले. सप्टेंबर होता, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातला वसंत. मॅगपायची पिल्लं घरट्यात असतात तेव्हा ते पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतात. नोला दारात आली ती आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर उपडा घालून. डब्याच्या मागच्या बाजूला तिने काळ्या शाईने दोन मोठे डोळे काढले होते. डोळ्याला डोळा दिसला की मॅगपाय येत नाही म्हणतात.

“परवा समिती येतेय. डबा काढून ठेव,” मी म्हटलं.

“का? समितीला चोच नसते होय?”

“नोला, थट्टा नको. ती माणसं तुला विचारतील, तुमचं काम कसं आहे. काय सांगशील?”

“बरं चाललंय म्हणेन.”

“अजिबात नाही! म्हणायचं, आमचं काम जगातल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी आहे.”

“असं कोण म्हणतं?”

“जग म्हणतं. इथिओपियातून, भारतातून माणसं तुझ्याकडे शिकायला येतात.”

“मग जगाला म्हणू दे की. मी कशाला मध्ये तोंड घालू?”

“म्हणून तर बघ एकदा. माझ्यासाठी.”

तिने डबा काढून काखेत धरला आणि अगदी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. “आमचं काम,” ती म्हणाली, “जगातल्या...” तिची मान लाल झाली. “जगातल्या कामांच्या मानाने... बऱ्यापैकी...” मग तिने हात झटकला. “जाऊ दे गं, लिन. माझ्या बापाने ऐकलं असतं तर मला मेंढ्यांच्यात झोपवलं असतं.”

मी चिडले, पण मला ते कळत होतं. मीही इथलीच. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, कुलगुरूला आणि झाडूवाल्याला सारखंच अरे-तुरे, आणि पिकात एखादं रोप फार वर आलं की आम्ही कौतुकाआधी विळा काढतो. पोरगं शाळेत पहिलं आलं तर बाप म्हणतो, “बरंय.” शेजाऱ्याला जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं तर आम्ही म्हणतो, “बरं झालं, आता तेवढं कुंपण रंगवून घे.” या ‘बरंय’मध्ये काय काय भरलेलं असतं ते ज्याचं त्याला कळतं. बाहेरच्याला कळत नाही.

दुसरी अडचण नामवंतांची होती. नियमच होता की प्रत्येक बलस्थानाबरोबर एक तरी नामवंत माजी विद्यार्थी दाखवायचा. तांबेऱ्यात शिकलेली पोरं काही टीव्हीवर येत नाहीत. ती कुठल्या तरी गव्हाच्या गावी जातात आणि तिथेच राहतात.

“एक नाव दे,” मी नोलाच्या मागे लागले.

“पोरं सगळीच बरी आहेत.”

“नोला. एक.”

“वेन नूननला विचार मग. नॅराब्रायला असतो. बरा आहे.”

मी वेनला फोन लावला. मागे कुत्रा भुंकत होता आणि ट्रॅक्टर चालू होता.

“नामवंत? मी?” तो ओरडला. “कोण म्हणालं, नोला? म्हातारीला ऊन लागलंय. अगं, मी नुसता एका गव्हाचा पराग दुसऱ्या गव्हाला लावतो. ते मधमाशीला पण जमतं. तुला खरी हुशार पाहिजे ना, तर थुय फामला विचार, टुवुंबाला. ती आहे बरी.”

थुयला फोन केला. “वेन असं म्हणाला?” ती हसत सुटली. “त्याचं वाण अर्ध्या देशात पेरतात, ते नाही सांगितलं ना तुला? लबाड आहे मेला. माझं काही लिहू नकोस हं. मी टिपलेला नवा तांबेरा कुणीही टिपला असता, मी फक्त तेव्हा तिथे होते. तू हॉर्शमच्या डॅरिलला विचार. डॅरिल शुल्त्स. वर्गात सगळ्यांत मागे होता, पण आता त्याच्या तोडीचा माणूस नाही.”

डॅरिलने फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे बघ बाई, आम्ही सगळी नोलाच्या कपबशा विसळून मोठी झालेली पोरं. तुला नामवंतच पाहिजे असेल तर नोलाला विचार.”

“तिनेच तर मला वेनकडे पाठवलं.”

“मग वेनला विचार. तो बरा आहे.”

मी फोन आपटला. माझ्या पानावर तांबेऱ्याखाली नामवंतांची जागा कोरीच राहिली.

समितीच्या अध्यक्ष होत्या जर्मनीच्या प्राध्यापक हिल्ट्रूड केसलर. उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून घेणाऱ्या. मी पहिल्याच दिवशी त्यांना “हिल्ट्रूड, ये, बस” म्हणाले तेव्हा त्या मागे वळून बघायला लागल्या, की ही कुणाशी बोलतेय. त्यानंतर मी मुकाट ‘तुम्ही’ म्हणू लागले. समितीत आणखी दोघे होते, पण केसलरबाई लिहीत त्यावर ते फक्त मान डोलवत.

आधी भविष्य-उपाय केंद्र झालं. तिथला प्रमुख जॅरड दिवे मंद करून बोलला. त्याने ‘जागतिक दर्जाचं’ इतक्यांदा म्हटलं की मलाच लाज वाटली, कारण ती सगळी माझ्याच पानावरची वाक्यं होती. केसलरबाई लिहीत राहिल्या.

मग आम्ही हिरवळ ओलांडून काचघराकडे निघालो. नोला अर्ध्या वाटेवर घ्यायला आली होती. माझ्याकडे बघत तिने डोक्यावरचा डबा काढला आणि केसलरबाईंपुढे धरला.

“घाल हा. इथे पक्षी जरा अंगावर येतात.”

केसलरबाईंनी डब्याकडे, त्यावरच्या डोळ्यांकडे आणि नोलाकडे पाहिलं. “आभारी आहे. जरा असेल तर चालेल,” त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

मॅगपायने मागून येऊन त्यांचा कान फोडला. रक्त मानेवरून कॉलरमध्ये उतरलं. नोलाने काचघरात नेऊन कान धुतला, रुमाल दाबून धरला आणि चहा करून दिला, आणि त्या सगळ्यात सरळ प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसले होते. 

“प्राध्यापक ट्रेथवी, तुमच्या कामाचा दर्जा तुम्ही कसा ठरवाल?”

नोलाने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी म्हटलं, जगातल्या. तिने कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं.

“बरं चाललंय,” ती म्हणाली.

“आणि तुमचे विद्यार्थी? कोणी नामवंत?”

“नामवंत कसले. पोरं बरी आहेत.”

“भविष्य-उपाय केंद्राविषयी तुमचं मत?”

नोलाने विचार केला. “वेगळंच आहे ते,” ती म्हणाली.

केसलरबाईंच्या वहीत मला स्पष्ट दिसलं. काचघरापुढे त्यांनी ‘समाधानकारक’ लिहिलं आणि भविष्यवाल्यांपुढे ‘अनोखं’. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि नोलाला धरून हलवावंसंही वाटत होतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं तिला. तिच्या गुरूच्या गुरूपासूनचं सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं, आणि ही बाई वाळकी पानं खुडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांना जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं. विद्यार्थ्यांनी हिरवळीच्या कडेला सॉसेज भाजायला घेतली होती. पावाच्या एका चकतीत सॉसेज, वर कांदा, वर टोमॅटोचा सॉस. केसलरबाईंच्या कानावर पट्टी होती. दवाखान्यात टाका घालावा लागला होता. एक चावा घेऊन त्या म्हणाल्या,

“लिनेट, मला एक शब्द समजावून सांगा. ‘जरा’ म्हणजे तुमच्याकडे किती?”

मी त्यांच्या कानाकडे बघितलं. एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं.

“इतकं,” मी म्हटलं.

त्या चावायच्या थांबल्या.

“बाई, आमच्याकडे शब्द धुऊन आटतात. आम्ही जे म्हणतो त्यापेक्षा माप मोठं घ्यावं लागतं. ती पोहणारी मुलगी आहे ना, आमच्या पानावर मोठा फोटो असलेली? तिने सुवर्ण जिंकलं तेव्हा बापाला टीव्हीवर विचारलं, कसं वाटतंय. तो म्हणाला, बरी पोहली. आणि घरी जाऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसून रडला. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“मग ‘बरं चाललंय’ म्हणजे...?”

“कोण म्हणतं त्यावर आहे. नोला ट्रेथवी म्हणत असेल, तर त्याच्या वर आमच्याकडे शब्दच नाही.”

“आणि खरोखर वाईट असेल तर काय म्हणता?”

 इथल्या माणसाने बाहेरच्याला सांगू नये अशी ही गोष्ट. पण काचघर डोळ्यांपुढे होतं.

“तेव्हा म्हणतो, वेगळंच आहे.”

केसलरबाईंनी सॉसेज खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण पट्टी नसलेला कान लाल झाला. मग त्या म्हणाल्या, “हा तुमचा अंदाज झाला. तुम्ही त्यांची मैत्रीण आहात. एका पक्ष्यावरून आणि एका मैत्रिणीवरून मी निष्कर्ष काढू शकत नाही. तपासून कसं बघायचं?”

मी वेन, थुय आणि डॅरिलचे नंबर दिले. “तुम्हीच करा फोन,” मी म्हटलं. “स्वतःविषयी विचारू नका, काही मिळणार नाही. दुसऱ्यांविषयी विचारा.”

त्यांनी फोन केले. तीन संध्याकाळी त्या पाहुण्यांच्या खोलीत बसून फोनच करत होत्या. एकाकडून दुसरं नाव मिळे, दुसऱ्याकडून तिसरं. मेरेडिनची एक बाई निघाली, मग नैरोबीचा एकजण. काय कळलं ते मला काही सांगितलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये भेटल्या तेव्हा मला थांबवून चार वाक्यं बोलल्या. ती मी शेवटी सांगते, कारण ती माझ्यासाठी नव्हती.

निकाल मोठ्या सभागृहात होता. जॅकारँडाचा पहिला बहर खिडक्यांबाहेर आला होता, आणि डोक्यावर फूल पडलं की परीक्षेत गचकतो म्हणून पोरं भिंतीच्या कडेकडेने पळत होती. सगळे विभाग आले होते. नोला अगदी मागे, दाराला टेकून उभी होती. पुढे ये म्हटलं तर म्हणाली, “इथून बरं दिसतं.” तिच्या हाताला माती होती. आदल्या दिवशी तिने लहान कुंड्या खोक्यांत भरायला सुरुवात केली होती. मला ते दिसलं होतं.

केसलरबाईंनी कागद काढून वाचायला सुरुवात केली. प्रवाळ, उत्कृष्ट. कान, उत्कृष्ट आणि मानवतेला उपकारक. खाणी, अग्रगण्य. तारे, अग्रगण्य. प्रत्येकाला थोड्या टाळ्या पडल्या. आमच्याकडे टाळ्या मापात वाजवतात.

“भविष्य-उपाय केंद्र,” त्या म्हणाल्या आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. “वेगळंच आहे.”

कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. जॅरड आधी छान हसला, मग हसायचा थांबला.

“आणि तांबेऱ्याचं काचघर.” इथे त्यांनी कागदाची घडी घातली.  त्यांनी शब्द आमच्यासारखाच, नाकातून, आळसावून उच्चारायचा प्रयत्न केला.

“बरंय.”

 मी ब्रेंडनकडे बघत होते. त्याच्या तोंडावर आधी सभेतलं हसू होतं. ते गेलं, आणि त्याच्या जागी वॉरॅकनाबीलचा एक पोरगा आला, ज्याच्या बापाच्या गव्हावर कधीतरी तांबडी भुकटी धरली असणार. त्याला कळलं. सगळ्यांनाच कळलं. खाणींच्या विभागातला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “च्यायला!” मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या काही मापात राहिल्या नाहीत. माणसं हसत होती, मागे वळून नोलाला शोधत होती. मी रडत होते, त्याची मला लाज नाही.

दाराशी नोला नव्हती.

मी हिरवळीवरून धावत गेले. डोक्यावर डबा नव्हता, पण मॅगपायलाही माझी दया आली असावी. काचघरात नोला रांगेतल्या रोपांना झारीने पाणी घालत होती. कुंड्या खोक्यांतून काढून परत फळीवर मांडल्या होत्या. तिने वळून पाहिलं नाही.

“त्या बाईला ते कुणी शिकवलं?”

“मी.”

“उच्चार भयंकर होता.”

“हो.”

“तिला पोरांना फोन करायला पण तूच लावलंस. वेनचा फोन आला होता. म्हणाला, एक जर्मन बाई मला विचारते, तुझ्यापेक्षा चांगलं कोण आहे. बिचारा घाबरला होता.” झारी पुढच्या कुंडीवर गेली. “मला भर सभेत असं उभं केलंस, लिन. आता मी कॅन्टीनमध्ये जाऊ कशी?”

ती खरंच रागावली होती. आमच्याकडे माणसाची चारचौघांत स्तुती करणं म्हणजे त्याची विजार उतरवण्यासारखंच आहे, आणि मी ते केलं होतं. मी माफी मागणार होते, पण मनातून मला पश्चात्ताप होत नव्हता. म्हणून मागितली नाही.

“काचघर राहिलं, नोला,” मी शेवटी म्हटलं.

“हं. ते राहिलं.”

बाहेर पोरांचा गलका चालला होता. ती एकेका रोपापाशी थांबत, बोटाने माती चाचपत, मोजकं पाणी घालत पुढे जात होती. रोपाला एक थेंबही जास्त घातलेला तिला चालत नाही. जास्त पाणी घातल्याबद्दल तिने कितीतरी पोरांना बाहेर काढलेलं आहे.

“मग,” ती पाठमोरीच म्हणाली, “काय म्हणाली पोरं?”

“स्वतःविषयी काही नाही. एकमेकांची नावं सांगत राहिली.”

“ते माहीत आहे. मी तेच शिकवलंय त्यांना.” तिने पुढच्या कुंडीची माती चाचपली. “बाकी काही?”

केसलरबाई सकाळी मला जे म्हणाल्या होत्या ते आता सांगायचं होतं. त्यांनी प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या शिक्षिका कशा होत्या? कौतुकाचा शब्द अंगाला लागू न देणाऱ्या त्या माणसांनी हा प्रश्न दुसऱ्याकडे ढकलला नव्हता. प्रत्येकाने एकच उत्तर दिलं होतं. “निरनिराळ्या गावांहून तोच निकाल येत राहिला,” केसलरबाई म्हणाल्या होत्या, “की आम्ही संशोधक तो खरा मानतो. त्यांना सांगा.”

“तुझ्याविषयी विचारलं त्यांना,” मी म्हटलं. “म्हणाली, बरी होती.”

झारी थांबली. “कोण म्हणालं?”

“सगळी.”

“डॅरिल नाही म्हणायचा. डॅरिलला मी दोनदा नापास केलं होतं.”

“डॅरिल सगळ्यांत आधी.”

 झारी पुन्हा वाकली, आणि पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. कुंडी भरली, माती वर आली, पाणी कडेवरून फळीवर आणि फळीवरून तिच्या बुटांवर सांडायला लागलं, तरी ती घालतच राहिली. मी जवळ जाऊन झारी तिच्या हातातून काढून घेतली. तिने ती घेऊ दिली.